बाम लावून रेशमाच्या शेडकडे जाऊ नये

बॅगेत बायकोने स्वेटर ठेवला होता, तो मी बाहेर काढून ठेवला. मराठवाड्यात स्वेटर कशाला, असं मला वाटलं. घनसावंगी तालुका माझ्या आठवणीत आहे तो मे महिन्यातला. तिथे बहिणीकडे गेलो की फरशीवर पाणी मारून दुपारचे झोपायचो. थंडीत मी तिकडे कधी गेलोच नव्हतो.

धाकटी बहीण शोभा गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला जायचं होतं. ती सवाष्ण गेली, म्हणून माहेरकडून एका सवाष्णीला साडी द्यायची असते. ती आणायचं काम माझं. मी आयुष्यात एकट्याने साडी घेतलेली नाही. चिंचवडच्या दुकानात मुलाने विचारलं, "कोणासाठी, काका?" मी म्हणालो, बहिणीसाठी. ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. हिरवी घेतली. तिला आवडायच्या त्या केवड्याच्या उदबत्त्यांचा पुडा घेतला. डोकं दुखतं म्हणून बामची बाटली घेतली. निघालो.

शोभा हा ब्लॉग वाचायची. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी लहानसहान सहलींबद्दल लिहायला लागलो, तेव्हापासून तिचा फोनवर एकच शेरा असायचा: "दादा, देवळाचं पुरे. खायला काय मिळालं ते लिहीत जा." म्हणून या वेळी खाण्याचं नीट लिहितो.

पुण्याहून जालन्याची एसटी पहाटे धरली तर दोन वाजेपर्यंत पोचता येतं. वाटेत छत्रपती संभाजीनगरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबते, तिथे पोहे बरे मिळाले. जालन्याला उतरलो तेव्हा ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. कंडक्टरने कानटोपी घातली होती. स्टँडबाहेर हातगाड्यांवर स्वेटरचे ढीग आणि भोवती गर्दी. मलाही एक घ्यायला हवा होता. पण घरी ठेवून आलेला स्वेटर डोळ्यांसमोर आला आणि मी पुढे गेलो. असं का केलं, सांगता येत नाही.

अंबडपर्यंत बस आणि तिथून घनसावंगीला शेअर जीप. माणशी साठ रुपये घेतले. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. माझ्या बाजूच्या खिडकीला काच नव्हती. मागच्या सीटवर एक म्हातारे टॉवेलात डोकं गुंडाळून बसले होते.

"ड्रायव्हर, एखादी शेगडी ठिव की गाडीत."

"इंजिन हाये की, बाबा. फुडं येऊन बसा. खर्चा न्हाई."

"मी ऐंशीकडं चाललो. अशी थंडी आपल्याकडं पाह्यली न्हाई."

"मंग तिकीट काढून पाहून राह्यले ना आता."

सगळे हसले. मीही हसलो असेन. कपाळ ठणकत होतं, म्हणून बाम काढून कपाळाला, गळ्याला आणि छातीलाही चोळला.

दाजींचं, म्हणजे शोभाच्या नवऱ्याचं, घर शेतातच आहे. तिकडे त्याला आखाडा म्हणतात. घनसावंगीहून जांब समर्थच्या वाटेवर उतरलं की थोडं चालावं लागतं. मी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. घरापासून थोड्या अंतरावर रेशीमअळ्यांची लांबोडी शेड आहे. शोभाने तुती लावली, तेव्हा दाजींनी ती बांधली. शेडच्या दारात माझी भाची अश्विनी उभी होती. मला पाहून ती पुढे आली, चार पावलांवर थांबली आणि तिने हात वर केला.

"मामा, तिथंच थांबा. बाम लावलाय का?"

मी हो म्हणालो.

"मंग हिकडं येऊ नका. नमस्कार लांबून करते. अळ्यांना वास चालत न्हाई."

वर्षभराने भेटणाऱ्या भाचीने मला असं वाटेत थांबवलं. मी बॅग घेऊन तसाच उभा राहिलो. आतून दाजी डोकावले. ते खूप वाळले होते. "दादा, राग मानू नका. घरात बसा. आलोच," म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

ते लवकर आले नाहीत. ओट्यावर बसून मी काकडत होतो आणि शेडच्या फटींतून ऊब असलेला पिवळा उजेड दिसत होता. मला वाटलं, ज्या घरात उद्या-परवा श्राद्ध आहे, त्या घरात तिचं नावही कोणी काढलेलं नाही.

जेवताना कळलं ते असं. शोभा गेल्यापासून शेड बंद होती. वर्षभरानंतरची ही पहिली बॅच. अळ्या मोठ्या होईपर्यंत चार वेळा कात टाकतात. त्या वेळी खाणं सोडून, माना वर करून स्थिर बसतात. मग उठतात आणि पुन्हा पाला खातात. आत्ता त्या चौथ्यांदा बसल्या होत्या, आणि नेमकी थंडी पडली. ऊब कमी पडली तर त्या उठायला उशीर करतात, काही उठतच नाहीत.

"आज उठायला पायजे होत्या," अश्विनी म्हणाली.

"उठतील," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही बॅच गेली तर तुती मोडतो, दादा. ऊस लावतो. तिच्याबिगर हे माझ्याच्यानं व्हत न्हाई."

अश्विनीने ताटातून हात काढला.

जेवायला ज्वारीची भाकरी, दूध, शेंगदाण्याची चटणी आणि वरण होतं. वरणाला फोडणी नव्हती. फोडणीचा ठसका शेडपर्यंत जातो म्हणून या दिवसांत घरात फोडणीच बंद. बिनफोडणीचं गरम वरण थंडीत वाईट लागत नाही. अंगावर मात्र एकच चादर मिळाली. घरातल्या बाकीच्या गोधड्या कुठे गेल्या, हे मी विचारलं नाही.

ते सकाळी दिसलं. गवतावर दहिवर इतकं होतं की चपला भिजल्या. खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी झाली होती. शेडच्या जाळीच्या भिंतींना बाहेरून बारदाना, गोधड्या आणि चादरी सुतळीने बांधल्या होत्या. आणि उत्तरेच्या बाजूला साड्या. शोभाच्या साड्या, एकीवर एक टाचलेल्या. त्यांतली जांभळी मी तिला भाऊबीजेला पाठवली होती. तिचा उलटा भाग बाहेर होता, डिझाइन आतल्या बाजूला.

मी बराच वेळ पाहत राहिलो. गेलेल्या बाईच्या साड्या कोणी जपून ठेवतं, कोणी वाटतं. शेडला बांधलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. रागवावं की काय करावं, ते ठरेना. दाजी तुतीच्या फांद्यांचा भारा घेऊन आले.

"दाजी, या साड्या..."

"बारदाना पुरला न्हाई," ते म्हणाले. एवढंच. भारा घेऊन तसेच शेडमध्ये गेले.

अश्विनीने मला दोन वेळा गरम पाण्याने आंघोळ करायला लावली. तरी बामचा वास जाईना. मग म्हणाली, "मामा, तुम्ही जांबला देवदर्शन करून या. तोवर उन्हात वास उडंल." भाचीने वास उडवण्यासाठी देवाला पाठवलेला मी पहिलाच मामा असेन.

जांब समर्थ हे समर्थांचं जन्मगाव. रस्ता ठीक आहे, जीप मिळते. सकाळी गर्दी नव्हती. देवळात अनवाणी चालताना फरशी पायांना चावत होती. परभणीकडून आलेली काही माणसं टाचांवर चालत होती आणि एकमेकांना हसत होती. मी हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. शोभासाठी मागायचं तर काय? शेवटी अळ्या उठू देत, असं म्हणालो. देवासमोर अळ्यांचं नाव काढल्यावर माझं मलाच विचित्र वाटलं. बाहेर टपरीवर चहा आणि गरम मिरचीभजी खाल्ली. भजी उत्तम होती. मग लक्षात आलं की आता अंगाला तळणीचा वास लागला. पुन्हा आंघोळ.

दुपारनंतर मला शेडमध्ये प्रवेश मिळाला, तोही दाजींचा धुतलेला सदरा घालून. आत खरंच ऊब होती. वीज असली की हीटर, नसली की कोळशाची शेगडी. ती आधी बाहेर पेटवतात आणि धूर सरल्यावर आत आणतात. रॅकवर हजारो अळ्या माना वर करून बसल्या होत्या. हलत नव्हत्या. दाजींबरोबर वस्तीवरच्या कमलबाई होत्या. शोभाची मैत्रीण. उद्याची साडी त्यांनाच द्यायची होती.

"हे बघा, दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाव्हणे आले म्हणून बी एक मान वळवंना. शोभाच्या शिस्तीतल्या हायेत."

शोभाचं नाव पहिल्यांदा निघालं ते असं. दाजी किंचित हसले. मला हसू आलं नाही. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी उजाडताच अश्विनीने वडिलांना हाक मारली. "आण्णा, उठल्या. कडंच्या रॅकवरच्या उठल्या." मी ओट्यावरून धावत गेलो. खरंच, माना खाली आल्या होत्या आणि अळ्या पाल्यासाठी चाचपडत होत्या. पण सगळ्या नाही. उत्तरेकडच्या रॅकवर अजून तशाच. बहुतेक सगळ्या उठेपर्यंत पाला टाकता येत नाही, आणि उठल्या की उशीरही चालत नाही. म्हणजे सगळ्यांनी तिथेच थांबायचं. आणि तेवढ्यात घनसावंगीहून गुरुजी मोटारसायकलवर आले, डोळे सोडून सगळं मफलरमध्ये.

"होम, धूप, दिवा कुठं मांडायचा?" त्यांनी विचारलं.

दाजींनी शेडकडे पाहिलं. वारा उत्तरेकडून येत होता आणि अंगण शेडच्या उत्तरेलाच, म्हणजे धूर सरळ शेडमध्ये. मी उदबत्तीचा पुडा हातात धरून उभा होतो. मला वाटलं, आता कोणीतरी ठरवेल. कोणीच ठरवेना. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण माहेरचा मोठा मी. मी गुरुजींना विचारलं, धूर नसला तर चालेल का?

"मनात असंल तर चालतं," ते म्हणाले. "तीळ-पाणी बराबर देऊ. पाण्याला काय वास."

मी पुडा सदऱ्याच्या आत घातला. मग त्यालाही वास आहे हे लगेच आठवलं आणि घरात नेऊन बॅगेत ठेवला. बरोबर केलं की तिचं काही कमी केलं, ते तेव्हाही कळलं नाही.

शेडच्या दारातच पाट मांडला. दाजींनी तीळ घेऊन पाणी सोडलं. पाणी इतकं गार की त्यांची बोटं वाकेनात, आणि अश्विनीने त्यांचा हात खालून धरला. वडे आणि खीर कमलबाईंनी स्वतःच्या घरी करून आणली होती. मग त्या पाटावर बसल्या. अश्विनीने कुंकू लावलं, ओटी भरली. मी हिरवी साडी त्यांच्या हातात दिली. देताना शोभाचं नाव घ्यायचं होतं. घेतलं, पण ते मलाही ऐकू आलं नाही.

कमलबाईंनी साडी कपाळाला लावली. मग उठल्या, घडी मोडली आणि उत्तरेच्या भिंतीकडे निघाल्या.

"ओ कमलकाकू, ती नवी हाये," अश्विनी म्हणाली.

"माझी झाली ना आता?"

"झाली."

"मंग मी कुठं बी बांधीन. हितून वारा शिरून राह्यला. सुतळी आण जल्दी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी दाजींकडे. दाजींनी सुतळी आणली. त्यांनी एक टोक धरलं, कमलबाईंनी दुसरं, आणि जांभळीच्या शेजारी हिरवी बांधली. बांधताना दाजींनी तिची सुलटी बाजू आत केली. का, ते मी याही वेळी विचारलं नाही. मी मधली गाठ मारली.

दुपारी पाला टाकला. इतक्या अळ्या एकदम खायला लागल्या की शेजारच्या खोलीत कोणीतरी घाईने वर्तमानपत्र चाळतंय असा आवाज येतो. उत्तरेकडच्या रॅकवरच्या पुष्कळशा नंतर उठल्या, काही उठल्याच नाहीत. त्या दाजींनी वेचून काढल्या. आम्ही शेडबाहेर उन्हात बसून खीर-वडे खाल्ले. वडे गार झाले होते, पण चांगले होते. खिरीत वेलची नव्हती. तीही वासामुळेच, असं समजलं.

दुसऱ्या दिवशी निघताना दाजींनी त्यांचा स्वेटर मला घालायला लावला. जीपमध्ये तो घालूनही गार वाटत होतं.

जाणाऱ्यांना सांगायचं तर, थंडीत मराठवाड्यात जाताना गरम कपडे न्या, अंबडच्या पुढे खिडकीची जागा घेऊ नका, जांबची भजी खा. आणि कोणाकडे रेशमाची शेड असेल तर बाम, अत्तर काही लावून जाऊ नका.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, सगळं नीट झालं का? श्राद्ध झालं, पण मी मनात धरलं होतं तसं झालं नाही. साडी सवाष्णीला मिळाली आणि सवाष्णीने ती अळ्यांना दिली. शोभापर्यंत काय पोचलं, कोणाला विचारू?

काही दिवसांनी दाजींचा फोन आला. उरलेल्या अळ्यांनी कोष केले होते. दरवेळेपेक्षा कमी होते. थोडा वेळ थंडीबद्दल बोललो. मग ते म्हणाले, "तुती ऱ्हाऊ देतो, दादा. साड्या अजून तशाच हायेत भिंतीला. काढू का?"

मी म्हणालो, थंडी आहे तोवर राहू द्या.

केवड्याच्या उदबत्त्यांचा पुडा बॅगेतून काढून शोभाच्या फोटोपाशी ठेवला आहे. इथे चिंचवडला अळ्या नाहीत, धुराने कोणाचं काही बिघडणार नाही. रोज संध्याकाळी एक काढतो, काडेपेटी हातात घेतो, आणि पुन्हा आत ठेवतो.