कोठीच्या मधल्या खांबातलं पाणी

भूतखेत, करणी, भानामती असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. मी ओव्हरसियर माणूस. ओळंबा, पाणसळ आणि टेप... ज्याला या तीन गोष्टी लावून पाहता येत नाहीत, ते माझ्या लेखी नाहीच. तेव्हा पुढचं वाचून कुणी "बाप्पा, तुमीपन का?" म्हणणार असेल तर खुशाल म्हणा. आठ वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

गोष्ट १९५९ च्या एप्रिलमधली, दारव्ह्याची. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून एक वर्ष होतं. नोकरी सोडून मी नुकतीच स्वतःची कामं घ्यायला लागलो होतो. बाजारपेठेच्या चौकात एक दुमजली इमारत होती... सारं गाव तिला 'विलायती कोठी' म्हणायचं. राणीच्या राज्यात कापसाच्या एका व्यापाऱ्यानं बांधलेली. जोत्याला काळा दगड, वर वीट-चुना, कमानींत लाल-निळ्या काचा, आणि दर्शनी बाजूला रस्त्यावर आलेला सागवानी सज्जा. त्या सज्ज्याखाली ओळीनं तीन ओतीव लोखंडी खांब. बोटीनं मुंबईला आले, तिथून इकडे आणले म्हणतात. बुडाशी कारखान्याचं इंग्रजी नाव होतं, पण रंगाचे इतके थर बसले होते की अक्षर लागत नव्हतं.

मधला खांब पोकळ होता. छपराचं पाणी त्यातून उतरायचं आणि जोत्याजवळच्या तोंडातून गटारात पडायचं. पावसाळ्यात पोरं त्याखाली पाय धुवायची. गाव त्याला खांब म्हणतच नसे, पाइप म्हणायचं. मीही तेच धरून चाललो... माझी घोडचूक ती इथंच झाली.

खाली कापडाचं दुकान होतं. शेठजींना नागपुरासारखा काचेचा रुंद शोकेस पाहिजे होता आणि नेमका हा खांब मध्ये. मी हातोडीनं ठोकून पाहिलं. ठण्ण! पोकळ. म्हटलं, पाइपच आहे, भार काही नाही. वरची तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध असणार. तिच्यावर खालून नक्षीची फळी ठोकलेली होती, ती काढून पाहायचेही कष्ट मी घेतले नाहीत. ग्यानबा मिस्त्री म्हणाला, "सायब, दोन टेकू त लावू." मी हसलो. "पाइप काढाले टेकू लावतेत का बे? उद्या नळ काढाले भिंत धरून ठेवशील!" सगळे मजूर हसले.

आणि त्याच सज्ज्याच्या खोल्यांत भाड्यानं कोण राहत होतं? मी आणि माझी बायको सुमन. तिला आठवा सरत आला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्याआधी दोनदा आमच्या हाती काही लागलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की आता जपा. या खेपेला ती पायरीसुद्धा मोजून उतरायची. त्या सकाळी सज्ज्यात, बरोबर मधल्या खांबाच्या वर, ती तुरीची डाळ निवडत बसली होती. मला म्हणाली, "अजी, तुमी ठोकाठाकी करून राह्यले, मी शेजारच्याईकडे जाऊ का?" मी काय म्हणालो असेन? "बस वो जागच्या जागी. काई होत नाई."

साडेनऊची वेळ. ऊन तापलेलं. सज्ज्याच्या सावलीत रस्त्यावरची चार माणसंही येऊन उभी राहिली होती. नारळ फोडला. ग्यानबानं घन उचलला... आणि खांबाच्या तोंडातून पाणी आलं.

थेंब-थेंब नाही. धार! स्वच्छ, मनगटाएवढी.

"सायब, पानी येऊन राह्यलं!" ग्यानबा घन तसाच धरून ओरडला.

"चैतात कुठचं पानी? वर कोनी सांडलं असन."

माझ्याकडे सोनाबाई म्हणून बंजारा बाई घमेली उचलायला होती, जवळच्या तांड्यावरची. उंच, तोंडानं फटकळ. तिनं धारेखाली ओंजळ धरली, चेहऱ्यावर मारली, मग प्याली. "याडी ये!" आईला हाक मारावी तशी ती ओरडली, "कसं थंडगार हाय." ग्यानबानं पुन्हा घन सावरला तशी ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. "खबरदार! पानी देनाऱ्यावर घन घालतं का रे? वाहून जाऊ दे आधी."

"सोनाबाई, बाजूले हो. मजुरी कापीन," मी म्हणालो.

"काप ना बावा! आपन नाई हटत. आधी जाऊन पाय त, पानी कुठून येऊन राह्यलं."

चार लोकांसमोर मजूर बाई मला कामाला लावते म्हणून मी असा चिडलो म्हणता! पण पाणी कुठून येतं हे ओव्हरसियरला सांगता येऊ नये, ही त्याहून मोठी नामुष्की. तरातरा जिना चढलो. सुमन डाळच निवडत होती. "पानी सांडलं का?" "मी काहून सांडू? माठात तांब्याभर हाय." शिडी लावून छपरावर गेलो. पत्र्याच्या पन्हळीला हात लावला तर चटका बसला. आत सुकलेला कडुनिंबाचा पाला, आणि पन्हळीतून खांबात उतरणाऱ्या नळीच्या तोंडात चिमणीचं घरटं, काडी न् काडी वाळलेली. खालून मात्र धारेचा आवाज येतच होता.

मग पाइप मध्येच कुठे फुटलाय का पाहावं म्हणून सज्ज्यात आलो, सुमनला बाजूला व्हायला सांगितलं आणि ती बसली होती तिथली फळी पहारीनं उचकली. टॉर्च आत मारला.

तुळई एकसंध नव्हतीच. दोन तुकडे होते. दोन्हींची टोकं त्या खांबाच्या डोक्यावरच येऊन टेकली होती, अंगठ्याएवढ्या फटीनं वेगळी. अख्खा सज्जा, दोन्ही खोल्या, वरचं छप्पर, सगळं त्या 'पाइप'वर उभं होतं. खांब निघाला असता तर...

सुमन म्हणाली, "काय झालं वो? तोंड काहून असं केलं?" मी म्हटलं, "काई नाई. उधई हाय, लाकूड खाल्लं." आणि खिडकीतून इतक्या जोरात ओरडलो, "ग्यानबा, घन खाली ठेव!" की रस्त्यावरचे लोक पांगले.

खाली आलो तोवर पाणी थांबलं होतं. जमीन ओली होती, गटारात पाणी साचलं होतं.

तेव्हापासून मी हिशेब मांडतोय. गेल्या पावसाचं पाणी अडकून राहिलं असेल? पण त्याच सकाळी मी तोंडातून बांबूची कामटी वरपर्यंत घालून पाहिली होती, कोरडी धूळ आली. शिवाय त्या खांबात फार तर दीड बादली मावेल, आणि आलं त्याच्या किती तरी पट. त्या गल्लीत नळ नव्हता, विहीर दोन फर्लांगांवर. मोजमापात बसेल असं एकही उत्तर मला मिळालेलं नाही.

शेठजींना सांगितलं, "चूक माझी." ते आधी खूप बोलले, मग वर येऊन स्वतः फट पाहिली आणि तिथंच बसून राहिले. खांब आजही दुकानाच्या मधोमध आहे. सोनाबाईला मी लुगडं नेऊन दिलं, पाया पडलो. "माह्या कायले पडतं, त्याच्या पड," म्हणाली. पडलोही. लोखंडाच्या खांबाला, भर पेठेत, ओव्हरसियर माणूस! लाज वाटली नाही.

मुलगी पुढच्याच महिन्यात झाली. आता दुसरीत आहे, सारखी बडबडते.

आणि सुमन, तू हे मासिक माझ्याआधी वाचतेस. त्या दिवशी दुपारच्याच मोटारीनं तुला बोरी अरबला माहेरी धाडलं, साधी पिशवीही भरू दिली नाही, म्हणून तू अजून मला टोमणे मारतेस... "बायको जड झालती ह्यायले!" तोंडानं सांगायची हिंमत कधी झाली नाही. तुला तिथं बसवणारा मीच होतो. वाचवणारं कोण होतं, ते मला माहीत नाही.