मामाची फुंक

आमचा शिंपी मामा जगाची कंबर मोजायचा, पण स्वतःच्या कमरेला टेप लागू द्यायचा नाही. वजन उतरवायचं ऑपरेशन ठरलं, तेही त्याने लोकांना 'हर्नियाचं' म्हणून सांगितलं. जुना दमा असल्याने डॉक्टरांनी अट घातली होती: रोज श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकून आकडा वहीत लिहायचा, वाढला तरच ऑपरेशन.

महिन्याने वही बघून डॉक्टर खूश झाले. "आता माझ्यासमोर फुंका."

काटा निम्म्यावरच अडकला.

"मग हे आकडे कुणाचे?"

"ह्या भाच्याचे," मामा चपलांकडे बघत म्हणाला.

"मग भूलही ह्यालाच देऊ या."

मलाही हसू आलं नाही. ऑपरेशन पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी मामाने स्वतः फुंकून आकडा लिहिला. मी डोकावलो, तर त्याने वहीवर तळहात ठेवला.