शेवटची दोन रिळं चौकात अडकली

लग्न होऊन कळंबला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चार साड्या होत्या आणि त्यांच्या खाली सात पुस्तकं. सगळी अंतराळातली. कुणी चंद्रावर अडकलेलं, कुणी मंगळावरून परत येणारं, कुणी काळात मागे जाऊन घोळ घालून ठेवणारं. माझं माहेर साजगावचं. वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते, आणि कामगारांसाठी जे छोटं वाचनालय होतं त्यातून ते माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. बरोबरीच्या मुली प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून उशा भिजवायच्या. मी रडायचे ती एखाद्या यंत्रमानवाला माणसं परग्रहावर विसरून आली म्हणून. आई म्हणायची, हिला सासरी कसं व्हायचं.

सासरी भातशेती. सासरे कमी बोलायचे आणि त्यांच्यापुढे बाकीचेही कमी बोलायचे. नवरा कर्जतच्या एका कचेरीत कारकून, एसटीने जाऊन-येऊन करायचा. स्वभावाने गरीब. मला वाचायला लागतं हे कळल्यावर कर्जतच्या वाचनालयात त्याने स्वतःच्या नावावर खातं उघडलं. पण त्याला स्वतःला वाचनाची गोडी नव्हती, त्यामुळे कुठलं पुस्तक आणायचं ते कळायचं नाही. मी सांगितलं, वरच्या चित्रात रॉकेट असलं की आणा. तेव्हापासून तो इमानदारीने रॉकेटं आणायला लागला. एकदा आणलं ते दीपगृहांवरचं पुस्तक निघालं. चित्रातला उंच पांढरा मनोरा बघून त्याची फसगत झाली होती. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं म्हणून मी तेही अख्खं वाचून काढलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. एका दुपारी पडवीत आम्ही दोघी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. माझं पुस्तक मांडीखाली होतं आणि मी चोरून एक डोळा तिकडे ठेवला होता. त्यांनी बघितलं.

"काय वाचतीस गं येवडं? देवाचं हाय का?"

"नाही आत्याबाई. गोष्ट आहे."

"मंग सांग की. हात चालू ठेव नि सांग."

मी सांगितली. एक भलंमोठं यान आहे, त्यात माणसं पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करतायत, आणि आता कुणालाच आठवत नाही की आपण निघालो कुठून. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या सोलता सोलता थांबल्या.

"पाणी कुटनं आणतात?"

पुस्तकात ते नव्हतं. मी म्हटलं, साठवलेलं असतं, तेच पुन्हापुन्हा गाळून पितात.

"आनि खातात काय?"

तेही पुस्तकात नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी पहिल्यांदाच माझ्या मनाने त्या यानात एक शेत लावलं. लांबलचक, दिव्याच्या उजेडात वाढणारं. आत्याबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा वाल हातात घेतले. त्या दिवसापासून दुपारची गोष्ट सुरू झाली.

त्यांचं ऐकणं साधं नव्हतं. लेखकाने जिथे काणाडोळा केलेला असेल तिथे त्यांचं बोट बरोबर पडायचं. परग्रहावरचे लोक दर वेळी भांडायलाच का येतात, एखादा तरी पाहुणा म्हणून का येत नाही? एवढी शहाणी माणसं यानात, मग त्यांच्यात एकही बाई कशी नाही? काळात मागे जाणाऱ्या यंत्राची गोष्ट मात्र त्यांनी एकही प्रश्न न विचारता ऐकली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला कुनी बसवलं त्याच्यात, तर मी माझ्याच लग्नाला जाईन. ती येवडीशी पोर कोपऱ्यात बसून रडत आसंल. तिला सांगीन, रडू नको गं, सगळं बरं व्हतं." त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले वाल मीच सोलले.

कर्जतला तेव्हा पत्र्याचं एक थिएटर होतं. सत्तरनंतरचीच गोष्ट, नेमकं साल आता आठवत नाही. नवऱ्याने एका संध्याकाळी येऊन सांगितलं की अंतराळाचा हिंदी सिनेमा लागलाय, फलकावर रॉकेट आहे, ह्या खेपेला दीपगृह नाही, दोनदा बघून खात्री केली. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या मामंजींकडे बघून म्हणाल्या, "आमी दोगी कर्जतला जाऊन येतो. डाक्टरला दाखवायचंय." डॉक्टरला काय दाखवायचंय ते मामंजींनी विचारलं नाही. भाताची झोडणी संपली होती, घरात तसं काम नव्हतं.

दुपारच्या खेळाला आम्ही बायकांच्या बाजूला बाकावर बसलो. नवऱ्याने तिकिटं हातात दिली आणि तो कचेरीत गेला. थिएटर भरलं होतं. बाजाराला आलेली आसपासच्या गावांतली माणसं, कॉलेजची पोरं, डोंगरातल्या वाडीवरून मोळ्या विकायला आलेल्या चार बायका आमच्या शेजारीच.

सिनेमा बघून मला आधी लाजच वाटली. मी पुस्तकांत जे आकाश बघितलं होतं ते काही हे नव्हतं. यानाच्या भिंतीवर चक्क घरातले विजेचे खटके होते. परग्रहावरच्या शिपायांच्या डोक्यावर इडलीच्या भांड्यासारखं काहीतरी होतं. तिथल्या राणीचा मुकुट चांदीच्या कागदाचा, आणि ती वळली की मागची दोरी दिसायची. पोरं शिट्ट्या मारत होती. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, कागदाचा आहे हो मुकुट."

"दिसतंय मला. गावच्या नाटकात रावनाची तोंडं पुठ्ठ्याची आसतात, तवा आपुन हसतो का? कुनीतरी बसून केलाय तो. बग गप."

मी गप बघायला लागले, आणि काय सांगू, थोड्या वेळाने तो मुकुट मला खरा दिसायला लागला. गोष्टही तशी वाईट नव्हती. तिघे शास्त्रज्ञ एका कोरड्या ग्रहावर उतरतात. तिथल्या विहिरी आटल्यात, लोक तहानलेत. यानात परतीपुरतं इंधन आहे. तेच इंधन खर्चून जमिनीतलं पाणी वर काढता येईल, पण मग घरी जाता येणार नाही. दोघं म्हणतात, चला निघू. तिसरा, तरुण डॉक्टर, यानाच्या दारात उभा राहून मागे वळून बघतो. राणी आटलेल्या विहिरीच्या काठावर उभी.

आणि पडदा पांढरा झाला. दिवे लागले.

आधी वाटलं, रीळ बदलतायत. मग मॅनेजर पुढे आला. घामाघूम. त्याने हात जोडून सांगितलं की ह्या सिनेमाची एकच प्रत पनवेलच्या थिएटरात आणि इथे अशी दोन्हीकडे चालते, तिथलं रीळ संपलं की टेंपोने इकडे येतं. शेवटची दोन रिळं घेऊन टेंपो निघालाय, पण वाटेतल्या चौक गावात बंद पडलाय, गॅरेजवाल्याने खाली झोपून काम सुरू केलंय. एसटीतून आलेल्या माणसाने आत्ताच निरोप दिला.

झालं. पोरं बाकांवर उभी राहिली. कुणी पैसे परत मागितले, कुणी पडदा फाडायची भाषा केली. मागे एक बाक उलटं झालं तेव्हा वाडीवरच्या बायका घाबरून एकमेकींना चिकटल्या. आम्हाला बाहेर पडायलाही वाट नव्हती.

तेव्हा आत्याबाई उभ्या राहिल्या. शेतातून पलीकडच्या बांधावर हाक मारायची सवय असलेला आवाज तो.

"ए, गप बसा रं! काय लावलंय? शेवट पायजे ना तुमाला? माझी सून सांगल. तिला ठावं हाय."

मी त्यांचा पदर ओढला. "आत्याबाई, मी हा वाचलेला नाही!"

"नसंल. यानातलं शेत तरी कुटं वाचलं हुतंस?" त्या खाली वाकून म्हणाल्या. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना ते कळलं नाही.

थिएटरात हशा पिकला. एक पोरगा ओरडला, "वहिनी, सांगा, सांगा!" थोडी टिंगलच होती त्यात. मॅनेजरला मात्र बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं. त्याने मला पुढे बोलावलं, चढायला एक खोकं ठेवलं. सासरच्या तालुक्याच्या गावी, दोनतीनशे पुरुषांसमोर, डोक्यावर पदर घेऊन मी उभी राहिले. समोर फक्त आत्याबाईंचा चेहरा दिसत होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनाच सांगतेय असं समजून सुरुवात केली.

"डॉक्टर यानातून खाली उतरतो," मी म्हटलं.

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी.

"डॉक्टर खाली उतरतो! बाकीचे दोघं रागावतात. पण त्यांनाही घरी बहिणी आहेत, आया आहेत. राणीबरोबरची लहान मुलं कोरड्या ओठांनी यानाला हात लावून बघतायत, हे त्यांनाही दिसतं. मग तिघे मिळून इंधन काढतात. सगळं. यंत्र जमिनीत घालतात. आधी नुसती धूळ येते. मग ओली माती. मग पाणी."

आता आवाज कमी झाला होता. शिट्टी मारणारा पोरगा बाकावर खाली बसला.

"पण नुसत्या पाण्यावर माणूस जगत नाही," मी म्हटलं, आणि आत्याबाईंची मान हलली. "डॉक्टरच्या आईने निघताना त्याच्या पिशवीत पुरचुंडी बांधून दिलेली असते. त्यात भाताचं बी असतं. तो राणीला विचारतो, जमीन कुठली देता?"

एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दार उघडलं आणि एक माणूस काळ्या हातांनी दोन डबे घेऊन धावत आत आला. टेंपो पोचला होता. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. "आली, आली रिळं! बसा खाली, आता खरा शेवट बघा."

मी खोक्यावरून उतरायला लागले.

"थांबा हो!" मघाचाच पोरगा. "बाईंचं होऊ द्या."

"होऊ द्या, होऊ द्या," चहूकडून. मॅनेजर डबे हातात घेऊन तसाच उभा राहिला. टेंपोवालाही भिंतीला टेकला.

मी पुन्हा वर चढले. डॉक्टर पेरणी करतो. रोपं येतात. त्या लोकांनी हिरवा रंग कधी बघितलेला नसतो. आणि तेव्हा आकाशात दुसरं यान दिसतं, ह्या तिघांना न्यायला आलेलं. दोघं आनंदाने चढतात. डॉक्टरला हाका मारतात. तो चिखलात गुडघाभर उभा असतो. तो ओरडून सांगतो, "लावणी झाली की येतो!"

मी थांबले. थिएटरात भाताच्या मुलखातली माणसं बसलेली. लावणीनंतर बेणणी, बेणणीनंतर कापणी, मग झोडणी, मग पुन्हा पुढच्या रोपांसाठी राब भाजायचा. बाजाराला आलेला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हंजी नाय जात तो."

टाळ्या पडल्या. मी धावतच आत्याबाईंजवळ गेले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सोडला नाही. दिवे गेले, पडदा उजळला, पण कळंबची एसटी सुटायची वेळ झाली होती. खरा शेवट न बघताच आम्ही बाहेर पडलो.

बातमी आमच्या आधी गावात पोचली नाही, पण दुसऱ्या दिवशी पोचली. मामंजी पडवीत उभे राहून म्हणाले, "कर्जतात खोक्यावर उभी राहून बोलली म्हनं सून." मी आत थिजून उभी. आत्याबाई बाहेर गेल्या. "मी बोलायला लावली. मला बोला काय बोलायचं ते." ते गोठ्याकडे निघून गेले, पण आठवडाभर माझ्या हातचं पाणी घेताना त्यांची मान दुसरीकडे असायची. मग एका लग्नात चौकच्या बाजूच्या कुणीतरी त्यांना विचारलं, ती गोष्टवाली सून तुमची का? मी मांडवात बायकांमध्ये बसले होते, मला ऐकू आलं. मामंजींनी टोपी नीट केली. "आमचीच," म्हणाले. "घरी रोजच सांगती." रोज ते गोष्टीच्या वेळी गोठ्यात असायचे, असा माझा समज होता.

पुढे व्हिडिओचं युग आलं. गावात कुणी भाड्याने टीव्ही-व्हिडिओ आणला की सगळी आळी जमायची. एका रविवारी सकाळी आमच्याच पडवीत आणला होता, आणि नवऱ्याने कॅसेटवाल्याकडून शोधून शोधून तोच सिनेमा आणला. आमची मुलं तेव्हा शाळेत जायला लागली होती. आत्याबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा चष्मा. त्या अगदी पुढे बसल्या.

तर खरा शेवट असा होता: राणी कपटी निघते. डॉक्टर बंदूक काढतो. मारामारी होते, इडलीची भांडी गडगडत जातात, अख्खा ग्रह फुटतो, आणि तिघे घरी परत येतात. गळ्यात हार, बँड, एक गाणं. संपलं.

आत्याबाई पडद्याकडेच बघत होत्या.

"ती पोरं कुटं गेली? विहिरीवरची?"

"ग्रहच फुटला ना आजी," माझा मुलगा म्हणाला.

"येवडी घाई कसली झाली त्यांना," त्या पुटपुटल्या. मग मुलांकडे वळल्या. "ह्यो नाय खरा शेवट. टेंपो बंद पडला हुता तवाचा सांगते. या इकडं."

मुलं त्यांच्याभोवती बसली. कॅसेटवाला वायरी गुंडाळत होता, त्याचेही कान तिकडेच. मी चहा ठेवायला उठले आणि उंबऱ्यातच थांबले. माझीच गोष्ट त्या सांगत होत्या. पाणी, पुरचुंडी, भाताचं बी. सगळं बरोबर. दुसरं यान आलं. डॉक्टर चिखलात उभा.

"मंग तो बी चढला यानात," आत्याबाई म्हणाल्या.

"पण आजी, लावणी?"

"लावनी त्या लोकांनी केली. शिकली हुती तवर. त्याला त्या रानीनं सांगितलं, तू जा बाबा, तुझी आई वाट बगत आसंल. आनि जाताना पिशवी रिकामी देऊ नये, म्हनून त्यांच्याकडला पयला तांदूळ बांधून दिला."

मी चुलीशी गेले आणि आधण ठेवलं. बाहेर मुलं विचारत होती, तो तांदूळ शिजवल्यावर कसा लागला, आणि आत्याबाई त्याचं उत्तर देत होत्या.