पालथे रांजण

शेजारच्या काकांना ऑफिसातलं काहीही विचारलं की ते उन्हाबद्दल बोलायचे. "काका, नवे साहेब कसे आहेत?" "ऊन लय तापून राहिलं, पोरी." रायपुरात नळाला येणारं पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची नोकरी, पण तिथल्या भिंतींचा रंगसुद्धा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणाला ठाऊक नव्हता. "सरकारचं मीठ खातो, तर सरकारची गोष्ट पोटात ठेवा लागते," असं म्हणायचे. मी चिडवायची, "एक दिवस पोट फुटेल तुमचं!"

माणूस अबोल, पण पाणी पाजण्यात दिलदार. दर उन्हाळ्यात पुरानी बस्तीतल्या आपल्या ओट्यावर ते प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावत. ओल्या फडक्यात गुंडाळलेले लाल रांजण, आत वाळा घातलेलं पाणी. ऑफिसची बस गाठण्याआधी स्वतः घासून भरायचे. ओगराळं मात्र ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं, हा त्यांचा कायदा. "माझ्या आज्याच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत," एवढंच एकदा सांगितलं होतं.

अशा माणसाच्या ओट्यावर भर उन्हाळ्यात एका सकाळी सगळे रांजण पालथे दिसले. पाऱ्यात कुजबुज सुरू झाली. मी विचारलं, "काका, प्याऊ काहून बंद केला?" ते "ऊन..." म्हणाले आणि थांबले. उन्हाचं कारण देऊन प्याऊ कसा बंद करणार? मान खाली घालून बसकडे चालू लागले. मला राग आला होता.

दोन दिवसांनी समोरच्या दीदीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिची मुलगी तापानं फणफणली होती, डोळे पिवळे झाले होते. "अरे, पानी जाँचने वाला ही पानी नहीं पिला रहा!" ती ओरडली, आणि सगळा पारा पाणी खात्याच्या दारात जाऊन बसला. मग बाहेर आलं की नळात गटाराचं पाणी मिसळत होतं. काकांनीच ते शोधलं होतं, आणि दुसरी तपासणी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

नळ दुरुस्त झाले आणि काका निलंबित झाले. आरोप काय, तर गोपनीय माहिती फोडली. चौकशीत विचारलं, प्याऊ का बंद केला? खरं कारण सांगावं तर आरोप कबूल केल्यासारखं, आणि खोटं त्यांना येत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर. निलंबित माणसाला परवानगीशिवाय शहरही सोडता येत नाही. नागपुरात लेक बाळंत झाली, परवानगी आलीच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळपासून ओट्यावर बसून राहायचे. बघवत नसे.

साक्षीला आम्ही सगळे गेलो. जे खरं तेच बोललो: काकांनी आम्हाला एक शब्दही सांगितला नाही. आरोप टिकला नाही, काका सुटले. दीदी पेढे घेऊन धावत आली. कावीळ झालेली तिची मुलगी महिनाभर दवाखान्यात काढून घरी परतली होती.

काकांनी पेढा घेतला नाही. "बेटी, मुझे मालूम था," ते म्हणाले. "दो दिन तेरी बच्ची वही पानी पीती रही. मैं सामने बैठा था, बोला नहीं. इसी बात पर छूटा हूँ."

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ते आपणहून बोलले होते. दीदीनं पेढ्यांचा डबा बंद केला, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

निवृत्तीनंतर काका लेकीकडे नागपूरला निघाले. ऑटोत सामान चढलं, तरी ते दीदीच्या बंद दारासमोर उभेच. माझा जीव तुटत होता. "हाक मारू का तिला?" मी विचारलं.

"नको, पोरी," ते म्हणाले. "सांगाचं होतं, तवा हे दार उघडंच होतं."