बेटाची डॉक्टरीण

विद्यापीठाच्या कागदावर माझ्या संशोधनाचं नाव 'द्वीपसमूहातील लोकजीवन आणि पर्यावरण' असं भारदस्त होतं. आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या घरात एवढं लांब कोण म्हणणार? आईने त्याचं 'बेट' केलं आणि फोनवरून सगळ्या नातेवाइकांत वाटलं. "आमची पोरगी बेटाची डॉक्टरीण होऊन राह्यली." जालन्यात समुद्राचा संबंध मिठापुरता. बेटांचाच अभ्यास का, हे मला कुणी विचारलं नाही. लग्नाचं काय, हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

खरी अडचण आली ती लक्षद्वीपला जायची वेळ आली तेव्हा. तिथल्या एका बेटावर काही महिने राहून लोकांशी बोलल्याशिवाय माझा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. वडिलांनी जन्मभर सरकारी कचेरीत नोकरी केलेली. कुठल्याही कागदावर पहिली सही आपली नको, हे त्यांचं तत्त्व, आणि घरातही ते तसेच वागत. "मामा हो म्हणाले तर माझी ना नाही," म्हणाले. म्हणजे माझी फाइल निघाली तीर्थपुरीला, आईच्या थोरल्या भावाकडे. पाण्याची भीती वडिलांना आणि परवानगी मामांची! मी चिडून दार आपटलं आणि मग निमूटपणे मामांना फोन लावून दिला.

मामांनी पटकन होकार दिला. "बेटाचा अभ्यास? मंग जाऊ द्या की दाजी! लई बरकत हाय त्यात. फकस्त बूट घालून जाय म्हना तिला, बेटात साप लई."

समुद्रात साप असतात हे मामांना कसं ठाऊक, याचं मला फार कौतुक वाटलं. पण फोनवरचा होकार वडिलांना पुरेना, त्यांना तो समक्ष हवा होता. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं तीर्थपुरीला गेलो.

मामांनी चहाच्या आधीच मला शेताच्या बांधावर नेलं. आईवडीलही मागोमाग आले. बांधावर मामांनी बांबू लावला होता. चांगला दाट झाला होता, पण एका अंगाने पिवळा पडत चालला होता.

"हं, बघ अन् सांग," मामा म्हणाले. "हे बेट कामून पिवळं पडून राह्यलं?"

मी बांबूकडे बघत राहिले. मागे आईला अचानक खोकला आला.

"मामा, हे बेट नाही. माझं बेट वेगळं."

"कशाचं? उसाचं?"

"अहो, फार मोठं असतं ते. त्यावर लोक राहतात."

"बेटात मानसं राह्यतेत?"

"शाळा आहे, दवाखाना आहे. विमानसुद्धा उतरतं."

मामांनी एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मग वडिलांना म्हणाले, "दाजी, हिला अभ्यास जास्ती झाला."

सगळ्यांचं हसून झाल्यावर मी बांधावरच बसून समजावलं. मध्ये जमीन, चारी बाजूंनी समुद्र. तिथल्या माणसांना जाऊन विचारायचं, कसं राहता, काय खाता, वादळ आलं की काय करता. ऐकता ऐकता मामांचं हसू गेलं.

"चहूकडून पानी?"

"हो."

"मंग बिलकुल न्हाई."

"पण तुम्ही फोनवर हो म्हणालात!"

"ते बांबूला म्हनलं."

वडिलांनी लगेच मान डोलावली. दुसऱ्याची सही मिळाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. माझी सगळी मेहनत एका बांबूपायी पाण्यात जाणार होती.

"पान्यात अडकल्याल्या मानसाला सवाल इचारायला जातेत का, बाई?" मामा म्हणाले. "त्याला काढायला जातेत."

एरवी मी हसले असते, पण मामा गंमत करत नव्हते. मागे गोदावरीला पूर आला तेव्हा ते शेतातल्या टेकाडावर अडकले होते. होडीने त्यांना सुखरूप आणलं आणि शेळ्या वाहून गेल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मी रागातच म्हटलं, "तुम्हाला काढायला आले त्यांनी काहीच विचारलं नाही का मग?"

"इचारलं की. मानसं किती? म्या म्हनलं, एक. बस म्हनले जल्दी. बसलो." मामा बांबूचं पिवळं पान तोडून चुरगाळत राहिले. "शेळ्या उभ्या व्हत्या टेकाडावर. होडी निघाली तवा वरडत व्हत्या. मंग पानी वाढलं."

भावाचं सगळं आपल्याला माहीत आहे अशा थाटात वावरणारी आईसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होती. मला माझ्या चढ्या आवाजाची लाज वाटली.

मामांनी हात झटकले. "जाय तू," म्हणाले.

वडील गडबडले. "अहो मामा, आत्ताच तर तुम्ही..."

"जाऊ द्या दाजी. कोनी तरी इचारायला पायजे." मग माझ्याकडे वळले. "पर निस्तं मानसं किती, असं नको इचारू त्यांला. जित्राबाचं बी इचार. माह्या शेळ्यांला नावं व्हती. कोनी इचारलीच न्हाई."

"काय नावं होती, मामा?"

त्यांनी बांधावर उभ्या उभ्या एकेक करून सगळी सांगितली.