निघणाऱ्याचं गाणं

उनाइसीचा राग कान्दावू बेटावर सगळ्यांच्या ओळखीचा होता. चर्चमध्ये कुणी बेसूर लागला की ती भजन म्हणता म्हणता मान वळवून त्या माणसाकडे असं काही बघायची, की तो पुढच्या रविवारी आजारीच पडायचा. नवरा वारला, मुलाला सुवा शहरात शिकायला ठेवलं, तेव्हा ती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात गायला लागली आणि तिथून सिडनीहून बेटांच्या फेऱ्या करणाऱ्या जहाजावर आली. पाहुण्यांपुढे गाऊन पोट भरायचं तर राग गिळावा लागतो. तिने पुष्कळ गिळला. पण एका बाबतीत तिचं आणि जहाजाचं कधीच जुळलं नाही, आणि चूक सगळी जहाजाची होती, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

बंदर लागायचं नसेल त्या दिवशी जहाजावर कुणालाच काही काम नसे. प्रवासी डेकवर आडवे होऊन छातीवर पुस्तक उपडं टाकून घोरत. कुणी लोकर विणी, कुणी नॅपकिनचे हंस करायला शिके. दुपारी उनाइसी आणि तिचा आतेभाऊ इसिकेली निवृत्त मास्तर, नर्सा, मेंढपाळ अशा मंडळींना युकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, शिकवत. ती मंडळी एकमेकांच्या चुकांना खदखदून हसत, आणि उनाइसीलाही ती आवडत. रात्रीच्या जेवणानंतर मागच्या दिवाणखान्यात दोघांचं गाणं असे. इसिकेली गिटार वाजवी आणि दोन गाण्यांच्या मध्ये फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेताने तिची टर उडवी. कान्दावूत आते-मामे भावंडं एकमेकांशी सरळ बोलू लागली, तर घरात काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात.

"आज आवाज बरा लागलाय," तो म्हणे. "काल बोकडाला खोकला झाल्यासारखं वाटत होतं."

"तुझ्या गिटारीला मात्र अजून पालवी फुटतेय. लाकूड ओलं आहे की डोकं?"

हे सगळं ठीक चाललं होतं. बिनसलं ते निरोपाच्या गाण्यावरून.

उनाइसीच्या गावात निरोपाचं एक गाणं आहे. कुणी बेट सोडून निघालं की सगळा गाव किनाऱ्यावर येतो, आणि होडी प्रवाळाच्या रांगेपलीकडे जाईपर्यंत ते गाणं चालतं. निघणारा रडतो, राहणारे रडतात, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागतात. एरवी ते गाणं तोंडातून काढायचं नाही. लहानपणी उनाइसीने कसाव्याचे कंद सोलता सोलता ते सहज गुणगुणलं, तर आजीने पाठीत धपाटा घातला होता. "कुणाला घालवतेस घरातून?" असं विचारलं होतं.

जहाजावर ते सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी गायलं जाई. त्याला उनाइसीची ना नव्हती. माणसं दुसऱ्या दिवशी खरोखरच उतरायची. मग करमणूक खात्यावर ग्लेन नावाचा नवा साहेब आला. मनाने वाईट नव्हता, पण ज्याला त्याला खांद्यावर थाप मारून बोलणारा. त्याने शेवटच्या संध्याकाळी लोकांना डोळे पुसताना पाहिलं आणि हुकूम सोडला, की हे गाणं आता रोज.

"कोण चाललंय?" उनाइसीने विचारलं.

"कुठे?"

"तेच तुम्हाला विचारते. निरोप द्यायचा तर कुणी निघालेलं पाहिजे. उद्या आपण समुद्रात, परवाही समुद्रात. उडी मारणार आहे का कुणी?"

ग्लेन हसला. "उना, गाणं आहे गं ते. पुढच्या रांगेतल्या त्या आजी काल किती रडल्या, पाहिलंस ना?"

"त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. मला सांगितलं त्यांनी."

"मग? बघ किती भिडतं लोकांना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलाच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी, कुणी कुठेही जात नसताना, निरोपाचं गाणं गाऊ लागली. ग्लेनने तिला तिसऱ्या ओळीला हसायला आणि शेवटी दोन्ही हात लोकांकडे पसरायला शिकवलं. देवघरातली घंटा काढून बैलाच्या गळ्यात बांधावी, तसला तो प्रकार. पण बैलाला ती शोभून दिसते म्हणणाऱ्याला समजवायचं कसं?

जहाजाच्या पोटात, जिथे प्रवासी कधी जात नाहीत, तिथल्या धुलाईखान्यात साकेआसी काम करायचा. तो उनाइसीच्या आईच्या गावचा, म्हणून मामा. अर्धं आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करण्यात घालवलं होतं. वरच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवायची त्याच्यासारख्यांना परवानगी नव्हती, त्यामुळे भाचीचं गाणं त्याने जहाजावर एकदाही ऐकलं नव्हतं. आता गुडघे संपले होते. सुवा आलं की तो कायमचा उतरणार होता.

"पोरी, मी पहिल्यांदा बेटावरून निघालो तेव्हा तुझी आई गायली होती," तो म्हणाला. "आता इथून निघताना तू गा. दुसरं मला काही नको. केकबिक तर मुळीच नको."

"गाईन मामा. उतरायच्या शिडीपाशी उभी राहून गाईन."

मामाला एवढं एक गाणं द्यायचं, याखेरीज तिला त्या आठवड्यात काही सुचत नव्हतं. सकाळी शिडीपाशी थोडा वेळ उभं राहू द्या, एवढीच विनंती घेऊन ती ग्लेनकडे गेली. ग्लेनचे डोळेच चमकले.

"शिडीपाशी कशाला? आदल्या संध्याकाळी त्याला स्टेजवर आणू. सगळे प्रवासी बघतील. केवढा मान मिळेल त्याला!"

आयजीच्या जिवावर बायजी उदार. उनाइसी नाही म्हणणार होती, पण मामाला कळलं आणि तो लाजत म्हणाला, "जाऊ या ना. ती खोली एकदा बघायची होती मला." मग ती काय बोलणार?

त्या संध्याकाळी मामा घडी मोडलेली नवी सुलू कमरेला गुंडाळून, स्वतःच्या हाताने इस्त्री केलेला फुलाफुलांचा शर्ट घालून, केस ओले करून चापून बसवून आला. ग्लेनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हाताखालच्या बाईला सांगितलं, "असं नको. धुलाईवाला वाटला पाहिजे."

त्यांनी मामाच्या सुंदर शर्टावर पांढरा एप्रन चढवला आणि हातात टॉवेलांची चळत दिली. मामाने ती घेतली. वरचा टॉवेल तिरका होता, तो त्याने सरळ केला.

दिवे मंद झाले. मामावर उजेडाचा झोत पडला. लोक टाळ्या वाजवू लागले, आणि ग्लेनने उनाइसीला हाताने खूण केली. उनाइसीने माइक हातात घेतला.

"आज कुणीही जात नाहीये," ती म्हणाली. "जहाज समुद्रात आहे. माझा मामा उद्या सकाळी जाणार आहे. आज तो नाचणार आहे."

तिने टॉवेल काढून घेतले आणि ग्लेनच्या हातात दिले. एप्रनची गाठ सोडली. इसिकेलीने पळभरही न थांबता नाचाची चाल धरली. मामा गुडघे सांभाळत, पण मान ताठ ठेवून तिच्याबरोबर दिवाणखाना फिरला, आणि युकुलेले शिकणाऱ्या मास्तरीणबाई उठून त्यांच्यामागे नाचायला आल्या. लोकांनी इतक्या टाळ्या पिटल्या की मामा दर वेळी थांबून वाकून नमस्कार करू लागला. ग्लेन टॉवेल धरून उभा होता. उनाइसीला वाटलं, वाचवलं आपण गाणं.

सकाळी सुवाला प्रवासी वरच्या रुंद पुलावरून उतरत होते. खाली, कामगारांच्या अरुंद शिडीपाशी मामा दोरीने बांधलेली पेटी घेऊन उभा होता. उनाइसी ग्लेनला न विचारताच खाली आली. मागे इसिकेली होता. मामाने टोपी काढली आणि तो रडायच्या तयारीने खाली बघू लागला, जसं गावात बघतात.

ती गाऊ लागली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. दुसरी ओळ आली, गळा दाटेना. तिसऱ्या ओळीला तिचा चेहरा आपोआप हसला. तिने तो आवरायचा प्रयत्न केला, पण आवरेना. ती आईला आठवू लागली, किनारा आठवू लागली, आणि डोळ्यांसमोर दिवाणखान्यातल्या खुर्च्या येत राहिल्या. शेवटच्या सुरावर तिचे दोन्ही हात पसरले गेले.

मामाने वर पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते. तो जरा गोंधळला, काल वर पाहिलेली रीत त्याला आठवली असावी, आणि मग त्याने पेटी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"छान गातेस हं," तो म्हणाला, अगदी प्रवासी म्हणायचे तसं.

त्या गाण्याला आजवर बेटावरच्या कुणी टाळी वाजवली नव्हती. मामा पेटी उचलून गेला. उनाइसी शिडीपाशी उभी राहिली, आणि तिला आला तसा राग कान्दावूत कुणी पाहिला नसेल. चोराने भांडं नेलं तर निदान जागा रिकामी दिसते. इथे भांडं जागेवर होतं, घासूनपुसून लख्ख.

ती तशीच ग्लेनच्या खोलीत गेली. तिच्या कराराची मुदत संपत आली होती, नवा कागद टेबलावरच होता.

"सही करणार नाही," ती म्हणाली. "उद्या पुढच्या बंदरात, लाउतोकाला, उतरते."

"कालच्यावरून? अगं, कालचं लोकांना आवडलं! मी रागावलेलो नाही."

"मी रागावलेय. तुम्ही माझ्याकडून ते गाणं वापरून घेतलंत, ग्लेन. आता ते कुणालाच देता येत नाही. माझ्या मामालासुद्धा आलं नाही देता."

ग्लेनला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण तू तर सुंदर गातेस," तो म्हणाला. त्याच्यापाशी बोलण्यात अर्थ नव्हता.

लाउतोकाला ती त्याच अरुंद शिडीने उतरली. मुलाच्या फीचं काय, हॉटेलात परत घेतील का, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. इसिकेली गिटार गळ्यात अडकवून धक्क्यापर्यंत आला. त्याने तारेवर बोट ठेवलं.

"नको," उनाइसी म्हणाली. "ते नको. त्यापेक्षा शिवी दे."

इसिकेलीने गिटार पाठीवर टाकली. थोडा विचार केला.

"जा, भोपळे," तो म्हणाला. "तुझ्या वजनाने इतके दिवस जहाज एका बाजूला कलत होतं. आता सिडनीला वेळेवर पोचू. आणि गावात गेलीस की चर्चमध्ये तोंड उघडू नकोस, कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील."

उनाइसीने त्याला उलट काहीतरी सणसणीत ऐकवण्यासाठी तोंड उघडलं, आणि तिथेच, सामानाच्या गाड्यांमध्ये उभी राहून, ती हमसून हमसून रडली.