गोंदणाची वही

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी नऊला गच्चीवर दोन सतरंज्या अंथरल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या पेटीतले कागद उन्हात घातले. वाळवी फार नव्हती, दमटपणा होता. कागद पसरायचे, कडांवर खडे ठेवायचे, तासाभराने उलटायचे. पापडासारखंच काम.

या बाई नगरच्या बायकांच्या जुन्या दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टर. टांग्यातून खेडोपाडी बाळंतपणं करत फिरायच्या. त्याच दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं नर्स होते. तिथली कपड्यांची खोली आता सोनोग्राफीसाठी हवी होती, म्हणून मॅनेजरने पेटी माझ्याकडे पाठवली. "सिस्टर, फोटो आणि सर्टिफिकेटं तेवढी काढून द्या, बाकी रद्दीत." मी म्हटलं, आधी बघते, मग सांगते.

खरं तर बघायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी घरी लेकीचं डोहाळजेवण होतं आणि आत्याने सकाळपासून जायचा धोशा लावला होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या पुढे. सुप्याकडच्या आमच्या गावी पुतण्याजवळ राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला नगरला आणलं होतं. ऑपरेशन झालं, डोळा उत्तम झाला, आणि त्याच आठवड्यात लेक बाळंतपणाला माहेरी आली. त्या दिवसापासून आत्या ताट घेऊन मागच्या पडवीत जेवायला बसू लागली. लेक पडवीत आली की ती उठून न्हाणीघरात जायची.

कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत्या जन्मली आणि तिची आई गेली. सावत्र आईने ते तिला उठताबसता ऐकवलं: पायाळू जन्मली आणि आईला खाल्लं. आत्याला मूल झालं नाही, तोही तिने आपलाच दोष मानला. पोटुशी बाईच्या जवळ ती जन्मात उभी राहिली नाही. माझ्या वेळी तर लेक रांगायला लागल्यावर ती पहिल्यांदा आमच्या घरी आली.

कागद उलटायला खाली-वर करताना दोघींचं चाललेलं माझ्या कानावर पडत होतं.

"आत्याआजी, तू गेलीस तर मी सुप्याच्या स्टँडवर बाळंत होईन. मग बस बोंबलत."

"त्वांड आवर. मला उद्या पहाटच्या यष्टीत बसवा, मंग काय नाचायचं ते नाचा."

"आणि माझी ओटी?"

"लई बाया हायेत वटी भरायला. माझा हात नगं."

आत्या विधवा, पण विधवेने ओटी भरू नये ही रीत आमच्या घरात माझ्या आईनेच मोडीत काढली होती. त्यामुळे त्या नावाखाली आत्याला सुटता येत नव्हतं. तिची भीती सरळ होती: आपण जवळ गेलो तर पोरीचं काहीतरी होईल. मी नर्स आहे. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. उपयोग शून्य.

दुपारी पेटीच्या तळाची वही हातात आली. ती मला चांगली ओळखीची होती. दवाखान्यात तिला भरतकामाची वही म्हणत. उजव्या पानांवर पेन्सिलीने काढलेल्या तुळशी, पाळणे, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. चादरी-अभ्र्यांच्या कपाटातच ती असायची आणि आम्ही शिकाऊ मुली तिच्यातले नमुने उतरवून घ्यायचो. मीही एक तुळस उशीच्या अभ्र्यावर भरली होती आणि मेट्रनकडून शाबासकी घेतली होती. डाव्या पानांवर इंग्रजीत बारीक, पुसट काहीतरी होतं. ते कुणी वाचलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन पानावर थेट पडलं होतं म्हणून वाचलं. गाव, महिना, ताप, नाडीचे ठोके. भरतकामाला नाडी नसते. मी सतरंजीवर खालीच बसले.

उलगडा बाईंच्या एका पत्राच्या मसुद्यात झाला. खेड्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, स्वतःचं विचारलं तर एकदा माहेरचं सांगतात, एकदा सासरचं, आणि सासू सोबत असेल तर तिसरंच. पुन्हा आलेली बाई ओळखायची कशी? म्हणून बाई प्रत्येकीच्या हातावरचं गोंदण काढून ठेवत आणि शेजारच्या पानावर तिची हकिकत लिहीत. आणि आम्ही त्या हातांचे अभ्रे केले.

मग मी आमचं गाव शोधलं. पाच-सहा ठिकाणी सापडलं. त्यातल्या एका पानावर विंचू होता, नांग्या, पाय सगळं नीट, पण शेपूट नाही. माझे वडील सांगायचे की त्यांची आई गोंदताना अर्ध्यातच हात हिसकून पळाली होती आणि जन्मभर तिचा विंचू तसाच राहिला. गाव आमचं, महिना आत्याच्या जन्माचा, विंचू बिनशेपटीचा. शंका घ्यायला जागा नव्हती.

डावं पान मी दोनदा वाचलं आणि वही घेऊन पडवीत गेले.

"आत्या, तुझ्या आईचं लिहिलेलं सापडलंय."

"काय वाचू नगंस."

"वाचणार. तू ऐक नाहीतर कान झाक."

तिने कान झाकले नाहीत. मी सांगत गेले. मूल पायाळू होतं, पण अडलं नाही. बाराव्या दिवशी बाळंतीण आपल्या पायांनी चालत जाऊन बैलगाडीत बसली. सव्वा महिन्यानंतरच्या पानावर तोच विंचू पुन्हा काढलेला होता. गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या तीन घरांतली माणसं आजारी पडली, त्यांत ही बाई. आणायला उशीर झाला होता, ती वाचली नाही. सोबत आलेली सासू तान्ह्या पोरीला दोष देत होती. बाईंनी तिला दोनदा सांगितलं की दोष विहिरीचा आहे. तिने ऐकलं नाही, तेव्हा तेही लिहून ठेवलं आणि विहीर या शब्दाखाली रेघ मारली. पोरीला त्यांनी चार महिने दवाखान्यात ठेवून शेळीच्या दुधावर वाढवलं. दर सोमवारी वजन केलं. एकही सोमवार चुकलेला नव्हता.

आत्याने विंचवाच्या चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शेपूट न्हवतं व्हय? मंजी भित्रीच हुती."

"होती थोडी."

"इहिरीचं पुन्यांदा वाच."

मी वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"मंग माझं काय न्हाई त्यात."

"तुझं काहीच नाही, आत्या."

"आन् ही डाक्तरीन? तिची पोरंबाळं असत्याल की."

"लग्न केलं नव्हतं त्यांनी."

"मंजी आमीच," आत्या म्हणाली आणि पदराने डोळा पुसायला लागली. ऑपरेशनचा डोळा, मी तिचा हात धरून खाली घेतला आणि स्वच्छ कापूस दिला.

मी त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या फोटोला अठ्ठावीस वर्षं हार घातला, बहुतेक वेळा ड्यूटी संपायची घाई असताना. त्यांचे आभार मनापासून मानले ते त्या दुपारी. अवघड बाळंतपणं करणारे हात मी पुष्कळ पाहिले. रुग्ण गेल्यावर, कुणी विचारणार नसताना, दोष कुणाचा नव्हता हे लिहून ठेवणारी माणसं कमी. ते लिहिलेलं नव्वद वर्षांनी माझ्या घरात कामाला आलं. मॅनेजरला फोन केला की पेटीतला एक कपटाही रद्दीत जाणार नाही. तो म्हणाला, "सिस्टर, भरतकामाची वहीसुद्धा?" म्हटलं, ती सगळ्यात आधी.

संध्याकाळी आत्या आत जेवायला बसली. लेकीपासून दोन हात लांब, पण आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं आणि लेकीच्या समोरच्या पाटावर सगळ्यांच्या आधी बसवलं. तिच्या ओंजळीत गहू ओतले. मागून तिची कोपरं धरली. काही गहू सांडले. "नीट पदर धर की गं," आत्या लेकीवर खेकसली आणि मला म्हणाली, "आनखी घाल." मी आणखी घातले.